रऊफभाईंचा कान

कारंज्यात पोहा वेशीच्या आत रऊफभाईंचं पेट्यांचं दुकान होतं. पेट्या म्हणजे बाजाच्या पेट्या. वडिलांचाच धंदा. तरुणपणी काही वर्षं ते एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले, तिथे पेटी आणि पायपेटी सुरात ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. कंपनी बुडाली तसे ते गावी परतले, लतीफाबीशी निकाह झाला आणि वडिलांच्या गादीवर येऊन बसले. दुकानाच्या मागेच घर. मध्ये एक जाड पडदा.

आजूबाजूच्या गावांची भजनी मंडळं पेट्या घेऊन त्यांच्याकडे येत. पेटीतल्या पितळी पट्टीला आमच्याकडे सूरच म्हणतात. टोकाला कानस लावली की तो चढतो, बुडाशी लावली की उतरतो. पण किती घासायचं ते कान सांगतो, हात नाही. रऊफभाईंच्या कानाचा एवढा लौकिक होता की पैसेवाल्या घरात चावीचे फोनो, म्हणजे ग्रामोफोन आले, तेव्हा घेण्याआधी लोक त्यांनाच बोलावून नेऊ लागले. रऊफभाई डोळे मिटून एक बाजू ऐकत आणि घ्या किंवा नका घेऊ एवढंच सांगत. त्यावर कुणी वाद घातल्याचं ऐकिवात नाही.

सन अठ्ठावन्नचा दसरा झाला होता. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस यायला लागला होता. फुलचंदशेटांची स्वतःची जिनिंग होती आणि घरात गाण्याचं वेड. चावीचा फोनो जुना झाला होता आणि आता मुंबईत नव्या, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी येऊ लागल्या होत्या. त्या ऐकायला विजेवरचं यंत्र हवं. शेटजींनी नागपूरच्या एका व्यापाऱ्याला लिहिलं, तर त्याने एक नाही, दोन यंत्रं पाठवली. दोन्ही विलायती, दोन्ही भारी. आठवडी बाजारानंतर माझा माणूस येईल, नको असेल ते त्याच्याबरोबर परत करा, असा निरोप होता.

शेटजींनी रऊफभाईंना बोलावलं.

दुपारची वेळ होती. बैठकीत गादीवर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली होती. एक करड्या रंगाचं, साधं, लोखंडी. त्याची फिरती थाळी मात्र एवढी जड की उचलायला दोन्ही हात लागावेत. त्यावर एका वेळी एकच रेकॉर्ड, तीही हाताने ठेवायची. दुसरं पॉलिश केलेल्या लाकडाच्या पेटीत बसवलेलं. त्याच्या मधल्या दांडीवर आठ रेकॉर्डी एकावर एक अडकवून ठेवल्या की एक संपताच दुसरी आपोआप खाली पडे आणि सुई आपली आपण तिच्यावर जाऊन बसे. शेटजींनी ते दोनदा करून दाखवलं. दोन्ही यंत्रं त्यांच्या मोठ्या रेडिओला जोडता येत होती, म्हणजे आवाज बाहेर पडायची जागा एकच. फरक असेल तो यंत्राचाच.

शेठाणी आतल्या दाराशी चौकटीला टेकून बसल्या होत्या. आधी करड्या यंत्रावर सनई लावली, मग तीच रेकॉर्ड लाकडी यंत्रावर. मग एका बाईचं गाणं, तसंच दोन्हीवर. रऊफभाई डोळे मिटून ऐकत होते. त्यांना शंका उरली नाही. करड्यावर गाणाऱ्या बाईच्या तोंडावर जसं पांघरूण टाकलं होतं. लाकडीवर तिचा शब्द न् शब्द सुटा ऐकू येत होता. त्यांनी डोळे उघडले आणि लाकडी यंत्राकडे बोट केलं.

शेटजी खूश झाले. त्यांच्या मनात तेच होतं. पण शेठाणी हळूच म्हणाल्या, "भाई, त्याच्यात ते सीसी कायचं वाजून राह्यलं? कानात सुई टोचल्यावानी होते."

रऊफभाईंना वाटलं, सुईवर कचरा असेल. त्यांनी सुई पुसली, सुईचा दांडा नीट बसवला आणि पुन्हा गाणं लावलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. शेठाणींनी पदराच्या आडून एक हात कानावर नेलेला त्यांना दिसला. शेटजींच्याही कपाळावर बारीक आठी आली होती. त्या खोलीत काहीतरी वाजत होतं, जे दोघांना ऐकू येत होतं आणि त्यांना येत नव्हतं.

"ऐकू येते ना तुमाले?" शेटजींनी विचारलं.

"येते," रऊफभाई म्हणाले. "नवीन सुई हाय. रुळली का जाईन."

आणि मग, आणखी एकदोनदा ऐकल्याशिवाय पक्कं सांगत नाही, असं म्हणून ते उठले.  त्या दुपारपर्यंत आयुष्यात त्यांनी सुराच्या बाबतीत कधी थाप मारली नव्हती.

दुकानात येऊन त्यांनी फळ्या अर्ध्या लावून घेतल्या. खिशातलं घड्याळ काढून डाव्या कानाला लावलं. काहीच नाही. घड्याळ बंद पडलं असेल म्हणून पाहिलं तर काटा चालत होता. उजव्या कानाला लावलं तेव्हा फार लांब कुणी टिचकी वाजवावी तसं काही आलं. त्यांनी एक पेटी ओढली, भाता मारला आणि खालून एक एक सूर वर नेला. मधले सूर ठणठणीत. वरच्या सप्तकात गेल्यावर सूर येत होता, पण नुसताच. त्याच्यावर जी एक धार असते, जिच्यावरून दोन सूर मिळाले की नाही ते कळतं, ती धारच नव्हती. ती कधी गेली ते त्यांना आठवेना. कदाचित रोज थोडी थोडी गेली असेल.

मग एक विचार आला. मागच्या महिन्यात धनजच्या मंडळाची पेटी त्यांनी पूर्ण सुरात मिळवून दिली होती. हेमसिंग म्हणून त्या मंडळाचा म्होरक्या होता, तो स्वतः घेऊन गेला होता. त्याआधी रिठदची. त्याआधीच्या कितीक. त्या सगळ्या पेट्या आता कुठल्या कुठल्या देवळांत वाजत असतील, आणि कशा वाजत असतील?

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेटजींकडे गेले. या वेळी त्यांनी यंत्रं ऐकलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते माणसांचे चेहरे ऐकत होते. लाकडी यंत्र लागलं की शेठाणींची मान किंचित मागे जाई. करडं लागलं की त्या पदर सावरून निवांत बसत. नोकर पाणी घेऊन आला, तर तोही लाकडी यंत्रापाशी आल्यावर डोळे बारीक करून गेला.  शेटजी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे पाहत होते.

"मले काय कळते त्याच्यातलं," शेटजी म्हणाले. "तुमी म्हनसान ते ठेवू."

हे ऐकून तर रऊफभाईंना उठून पळावंसं वाटलं. चेहरे पाहून करडं म्हणावं, तर काल लाकडी म्हणून बसले होते. का बदललं, असं शेटजींनी विचारलं तर काय सांगायचं? आणि उद्या कुणी तिसऱ्याच घरात नेलं, जिथं कुणाचा चेहरा वाचता आला नाही, तर? आज कसंतरी निभेल. पण पेटी मिळवताना समोर कुणाचा चेहरा नसतो. त्यांनी बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत मागितली.

घरी ते जेवले नाहीत. लतीफाबींनी भाकरी वाढली, झाकून ठेवली, पुन्हा वाढली. घरात दोघं आपल्या मुसलमानी बोलीत बोलत, मी ते माझ्या बोलीत सांगतो. रऊफभाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेठानी तुयी याद करत व्हती. उद्या चलतं काय माह्यासंगं? नवीन बाजा आला हाय, ऐकशीन."

लतीफाबी तेव्हा चुलीपाशी होत्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"बाजा ऐकाले नेऊन राह्यले, का तुमच्यासाठी ऐकाले?"

रऊफभाई भाकरीवरचं झाकण सारखं करू लागले.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "दोन साल झाले. पावसाळ्यात रातकिडे ओरडतात, तुमी म्हनता यंदा रातकिडेच नाई. मी मागून बांगड्या वाजवत येते, तुमी दचकता. धनजची पेटी गेली तवा वरचे सूर फाटून गेले व्हते. मी पडद्यामांगं बसून ऐकलं."

तीस वर्षं त्या पडद्यामागे बसून त्यांनी सूर घासले जाताना ऐकले होते. रऊफभाईंच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आधी त्यांना राग आला. माहीत होतं तर बोलली काहून नाहीस, असं त्यांनी जोरात विचारलं, इतक्या जोरात की शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल.

लतीफाबींचा आवाज चढला नाही. "काय बोलू? तुमी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून बसले असते. मले त्याचंच भेव व्हतं. रोज वाटे, आज कोनी पेटी परत घेऊन येईन. कोनी आलं नाई. मंग वाटे, अजून एक दिवस जाऊ दे."

म्हणजे दोन वर्षं त्या घरात दोघांची भीती एकटं माणूस वाहत होतं, आणि दुसऱ्याला ती आपल्या घरात आहे हेच ठाऊक नव्हतं.  रऊफभाईंनी थंड झालेली भाकरी खाल्ली.

त्यांनी ठरवलं ते असं. लतीफाबी आत बायकांत बसून ऐकतील. ऐकून झालं की डोक्यावरची ओढणी सारखी करतील, ती खूण करड्यासाठी. बांगड्या मागे सारतील, ती लाकडीसाठी. ते पाहून रऊफभाई निकाल सांगतील आणि आजचं मरण उद्यावर जाईल. लतीफाबींना हे मुळीच पसंत नव्हतं, पण त्यांनी होकार दिला. 

दोघं गेले तेव्हा दिवेलागण होत होती. शेटजींना जिनातून यायला उशीर झाला होता. लतीफाबी शेठाणीजवळ दाराच्या आत जाऊन बसल्या. शेटजींनी दिवे लावले, गावात सगळीकडेच दिवे लागले होते. आधी लाकडी यंत्रावर बाईचं गाणं झालं. मग करड्यावर सनई लावली.

रऊफभाईंची नजर दाराकडे होती. लतीफाबींनी ओढणी सारखी केली. काम झालं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

पण त्याच वेळी त्यांना काहीतरी खुपलं. सनईवाल्याने एक लांब सूर धरला होता आणि तो सूर बसत चालला होता. जागच्या जागी, हळूच, जशी दोर सोडल्यावर बादली खाली जाते. रऊफभाईंनी इकडे तिकडे पाहिलं. शेटजी मान डोलावत होते. शेठाणी शांत होत्या. लतीफाबींनी ओढणी पुन्हा सारखी केली, त्यांना वाटलं नवऱ्याने पाहिलंच नाही.

एक क्षण रऊफभाईंना आनंद झाला. कान मेला नाही. आणि लगेच त्या आनंदाचीच भीती वाटली. परवापर्यंत त्यांनी कानावर शंका घेतली नव्हती, आता कान काहीही सांगो, त्यांना ते खरं वाटेना. खोलीतल्या कुणालाच ते ऐकू येत नव्हतं. मग हे आहे, की आपल्याच डोक्यात आहे?

कोपऱ्यात शेटजींच्या घरची पेटी होती. रऊफभाई उठले, तिचा भाता उघडला आणि तो सूर दाबला. परवा दुपारी सनई याच सुरावर होती हे त्यांना पक्कं आठवत होतं, आता ती त्याला मिळत नव्हती. पेटी वर होती, सनई खाली. हे मधल्या सप्तकातलं होतं, इथे त्यांचा कान अजून त्यांचा होता. मग त्यांनी लाकडी यंत्रावर सनई लावून पाहिली. तिथे सूर पेटीला बरोबर मिळाला. गावात दिवे लागले की वीज मंद होई, दिव्याकडे पाहूनही कळे. करड्या यंत्राच्या मोटारीला तेवढ्या विजेत ती जड थाळी ओढवत नव्हती.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. आता ओढणीने काही ठरणार नव्हतं. एका यंत्रात त्यांना ऐकू न येणारा दोष होता, दुसऱ्यात बाकी कुणाला न येणारा. खरं सांगायचं तर दोन्ही सांगावे लागत होते. एकच सांगून दुसरा गिळता आला असता, पण तो गिळायला लागणारी ताकद त्यांच्यात त्या दिवशी उरली नव्हती, असं ते पुढे म्हणत.

"शेटजी," ते म्हणाले, "त्या लाकडीतली सीसी मले ऐकू येत नाई. शेठानीले येते, माह्या घरच्यांले येते, मले नाई येत. परवा मी खोटं बोललो."

 रेकॉर्ड संपून सुई आपोआप मागे गेली होती, थाळी नुसतीच फिरत होती. ती थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

"कवापासून?" शेटजींनी शेवटी विचारलं.

"मले मालूम नाई. तिले मालूम हाय."

रऊफभाई मान खाली घालून उभे होते. आता शेटजी म्हणतील, मग तुम्हाला बोलावलं कशाला. किंवा त्याहून वाईट, गोड बोलून वाटेला लावतील. शेटजी व्यवहाराचे माणूस होते. थाळी थांबवून ते म्हणाले, "मंग आता कोनतं ठेवू ते सांगा."

रऊफभाईंनी सांगितलं. करड्याचा आवाज चांगला, पण दिवे लागल्यावर सूर उतरतो. लाकडी सुरात राहतं, पण कानाला टोचतं. आपल्यापुरतं विचाराल तर मला उतरलेला सूर सहन होणार नाही. पण ऐकणार तुम्ही आहात.

तेव्हा शेठाणी आतून म्हणाल्या, "हे तर संध्याकाळी जिनातून येतात आन् गादीवर झोपतात. दुपारी आमीच ऐकतो."

शेटजी हसले. करडं यंत्र राहिलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी नागपूरचा माणूस लाकडी पेटी घेऊन छोट्या रुळांच्या रेल्वेने परत गेला.

शेटजींनी ही गोष्ट बाहेर काढली नाही, असं ते शपथेवर सांगत. पण घरात नोकरचाकर होते, आणि कारंजं काही एवढं मोठं नाही. पेठेत बोललं जाऊ लागलं. दोन मंडळांनी आपल्या पेट्या अमरावतीला नेल्या. रऊफभाई दुकानात बसत, पण रस्त्यावर कुणी पेटी घेऊन येताना दिसलं की ते कानस खाली ठेवून बघत राहत. काम घेऊन येतोय की तक्रार, हे तो जवळ येईपर्यंत कळत नसे.

धनजला मात्र ते स्वतःच गेले. त्यांना राहवलं नाही. बसने धनज बुद्रुकला उतरून हेमसिंगांच्या दारात उभे राहिले आणि पेटी परत मागितली. वरचे सूर माझ्या हातून बिघडलेत, मला ऐकू येत नाही, असं एका दमात सांगून टाकलं. हेमसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा माणूस, वयाने त्यांच्याएवढाच. 

"तुमच्या हातून?" तो म्हणाला. "आमाले वाटलं आमचेच गळे बिघडले. सेवालालले आमी वरचं म्हनूच देत नाई आता. तो गरीब रोज सकाळी उठून मिठाच्या पान्याच्या गुळन्या करून राह्यला."

रऊफभाईंना हसावं की रडावं कळेना. सेवालाल हा त्या मंडळाचा वरच्या पट्टीत गाणारा गडी. महिनाभर तो आपला गळा गेला म्हणून झुरत होता, कारण रऊफभाईंची पेटी चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लौकिकाचं हे असं ओझं असतं, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी आधी सेवालालच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली, आणि मग पेटी डोक्यावर घेऊन बस धरली.

ती पेटी लतीफाबींनी सुरात मिळवली. कानस रऊफभाईंच्या हातात, भाताही त्यांच्याच हातात, आणि पडद्यामागून त्या सांगत, अजून, अजून, बस. पहिल्या दिवशी दोन सूर जास्त घासले गेले आणि बदलावे लागले, कारण बस म्हटलेलं ऐकून हात थांबेपर्यंत उशीर होई. पुढे लतीफाबींनी कानसही हातात घेतली. वर्षभराने पडदा एका बाजूला बांधलेला असे. यावरून मोहल्ल्यात थोडी कुरबूर झाली. बाईच्या हाताची पेटी देवळात चालेल का, असं एका मंडळाने विचारलं आणि ते परत आलेच नाही. किन्हीराजाचे आले, धनजचे तर येतच राहिले. धंदा पूर्वीसारखा झाला नाही, पण बंदही पडला नाही.

रऊफभाईंची काळजी मात्र गेली नाही. कान हळूहळू आणखी खाली सरकत होता. दर वर्षी दसऱ्यानंतर ते पेटी घेऊन बसत आणि खालून एक एक सूर वाजवत वर जात, कुठपर्यंत ऐकू येतं ते पाहायला. लतीफाबी म्हणत, काहून स्वतःचा जीव खाता, मी हाय ना. ते म्हणत, तू हायस म्हनूनच पाहून राह्यलो, तुयंबी वय होऊन राह्यलं. 

शेटजींच्या घरून दुपारच्या गाण्याचं बोलावणं अधूनमधून येई. लतीफाबी जात. रऊफभाई बहुतेक टाळत. शेवटी शेठाणींनी एकदा स्वतः निरोप पाठवला, तेव्हा गेले. एका म्हाताऱ्या गायकाची नवी मोठी रेकॉर्ड आली होती, खर्जातली, सावकाश. रऊफभाई यंत्राच्या अगदी जवळ बसले. पूर्ण बाजू होईपर्यंत हलले नाहीत. परतताना लतीफाबींनी विचारलं, कसं होतं. ते म्हणाले की हा गवई सगळा माझ्या वाट्याला उरलेल्या सुरांतच गायला, आणि उद्या पुन्हा जाऊ.